हेन्री डार्सी

हेन्री फिलिबेर गास्पार डार्सी (जन्म : १० जून १८०३, दिजों, फ्रान्स, मृत्यू : ३ जानेवारी १८५८, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच स्थापत्य अभियंते व जलशास्त्रज्ञ होते. वाळू, माती किंवा सच्छिद्र खडक यांतून पाणी किती वेगाने झिरपते हे सांगणारा नियम त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. हा नियम ‘डार्सीचा नियम’ म्हणून ओळखला जातो. भूजलशास्त्र, खनिज तेलाचे उत्पादन, मृदाशास्त्र, पाणी गाळण्याची यंत्रणा आणि धातूंचे ओतकाम अशा अनेक क्षेत्रांत तो वापरला जातो. आपल्या जन्मगावी शुद्ध पाणी आणणारे अभियंते म्हणूनही डार्सी यांचे नाव फ्रान्समध्ये आदराने घेतले जाते.

डार्सी यांचा नियम केवळ प्रयोगांवर आधारलेला होता. द्रव पदार्थांच्या प्रवाहाच्या मूलभूत समीकरणांतून तो गणिताने सिद्ध होण्यास सव्वाशे वर्षांचा काळ जावा लागला. ज्या गणिती पद्धतीने हे साध्य झाले तिला ‘समांगीकरण’ असे म्हणतात. पुढे याच पद्धतीने सच्छिद्र माध्यमातील प्रवाह आणि उष्णता यांच्या परस्परांत गुंतलेल्या समीकरणांचाही अभ्यास झाला.

बालपण आणि शिक्षण

डार्सी यांचा जन्म पूर्व फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील दिजों या शहरात झाला. त्यांचे वडील जोसेफ डार्सी हे सरकारी नोकरीत होते. हेन्री १४ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि हेन्री व त्यांचे धाकटे बंधू ह्यूग यांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. घरची परिस्थिती बेताची असूनही मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये यासाठी त्या माउलीने कर्ज काढून खासगी शिक्षक ठेवले.

१८२१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हेन्री यांना पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या नामवंत तंत्रविद्यालयात प्रवेश मिळाला. तेथील शिक्षण पूर्ण करून १८२३ मध्ये ते पूल व रस्ते बांधणीच्या शासकीय विद्यालयात दाखल झाले. या विद्यालयातून उत्तीर्ण होणाऱ्यांना शासनाच्या अभियंता सेवेत घेतले जाई. १८२६ मध्ये त्यांनी तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला.

डार्सी पॅरिसमध्ये शिकत होते तो काळ गणिती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. जोसेफ फूरिए यांचा उष्णतेच्या विश्लेषणात्मक सिद्धांतावरील ग्रंथ १८२२ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेचा प्रवाह तापमानातील उताराच्या प्रमाणात असतो, हा नियम त्यांनी त्यात मांडला होता. त्याच वर्षी क्लोद-लुई नाव्हिए यांनी श्यान म्हणजे चिकटपणा असलेल्या द्रवांच्या गतीची समीकरणे मांडली. हे नाव्हिए डार्सी ज्या पूल व रस्ते विद्यालयात शिकत होते तेथेच उपयोजित यामिकीचे अध्यापन करीत असत. नाव्हिए यांची समीकरणे आणि त्यांच्या विद्यालयातील या विद्यार्थ्याचा नियम यांच्यातील नाते मात्र दोघांच्याही हयातीत उलगडले नाही.

दिजोंचा पाणीपुरवठा

शासकीय सेवेत रुजू झाल्यावर डार्सी यांची लवकरच दिजों येथे नेमणूक झाली. १८२८ मध्ये त्यांचा विवाह आंरिएत कॅरी यांच्याशी झाला. त्या मूळच्या गर्न्सी बेटावरील एका इंग्रज कुटुंबातील होत्या. डार्सी दांपत्याला अपत्य झाले नाही.

त्या काळी दिजोंमधील पाण्याची स्थिती अत्यंत वाईट होती. नागरिक उथळ विहिरींच्या पाण्यावर अवलंबून होते आणि सांडपाणी झिरपून त्या विहिरी दूषित होत असत. शहरातून वाहणाऱ्या सुझों ओढ्याला उघड्या गटाराचे स्वरूप आले होते. सँ-मिशेल चर्चच्या परिसरात खोल विंधनविहीर खणून पाणी मिळविण्याचा प्रयत्न झाला, पण शहराला पुरेल इतके पाणी तिला लागले नाही. दूषित पाण्यामुळे येणारे आजारपण ही दिजोंच्या प्रत्येक घरातील व्यथा होती आणि हेन्री याच शहरात लहानाचे मोठे झाले होते.

डार्सी यांनी आसपासच्या झऱ्यांची पाहणी केली. शहरापासून काही अंतरावर असलेल्या रोझ्वार या झऱ्याचे पाणी आणावे, असा प्रस्ताव त्यांनी तयार केला. बंदिस्त दगडी कालव्यातून, केवळ उताराच्या आधारे पाणी शहरापर्यंत यावे अशी ही योजना होती. पेशवाईत कात्रजच्या तलावातून पुण्यात आणलेले पाणी किंवा मलिक अंबरने औरंगाबादेत आणलेली नहर यांच्याशी तिचे तत्त्व मिळतेजुळते होते. योजनेला १८३५ मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि प्रत्यक्ष बांधकाम १८३९ मध्ये सुरू झाले. सुमारे १२.७ किलोमीटर लांबीच्या या कालव्यातून ६ सप्टेंबर १८४० रोजी पाणी दिजोंच्या गियोम दरवाजाजवळच्या जलाशयात येऊन पोहोचले. झऱ्यातून दर मिनिटाला सुमारे ८,००० लिटर पाणी मिळत असे.

यानंतर शहरातील वितरण व्यवस्थेचे काम हाती घेण्यात आले. १८४४ पर्यंत दुसरा जलाशय बांधून झाला आणि सुमारे २८ किलोमीटर लांबीचे दाबयुक्त नळ टाकण्यात आले. रस्त्यांवर साधारणपणे दर शंभर मीटरांवर एक याप्रमाणे सुमारे १४० सार्वजनिक नळ बसविण्यात आले. सार्वजनिक नळाचे पाणी सर्वांना विनामूल्य मिळत असे. पाण्यासाठी पैसे मोजण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांनाही स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, हा डार्सी यांचा आग्रह होता.

या कामाबद्दल डार्सी यांना मोठे मानधन देय होते. ते सुमारे ५५,००० फ्रँक इतके होते असे सांगितले जाते. डार्सी यांनी ते नाकारले. नगरपालिकेने अर्पण केलेले सुवर्णपदक आणि आपल्या घरासाठी तहहयात मोफत पाणी एवढ्याचाच त्यांनी स्वीकार केला.

पॅरिस–लिओं रेल्वेमार्ग दिजोंवरून जावा यासाठीही डार्सी यांनी प्रयत्न केले. मार्गातील डोंगराळ भागाचा अडथळा दूर करण्यासाठी ब्लेझी येथे सुमारे ४ किलोमीटर लांबीचा बोगदा खणता येईल, असे त्यांनी दाखवून दिले. हा बोगदा पुढे पूर्ण झाला आणि दिजों हे रेल्वेचे महत्त्वाचे स्थानक बनले.

दिजोंमधून बदली आणि पॅरिसमधील कार्य

फेब्रुवारी १८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजेशाही संपुष्टात आली. आधीच्या राजवटीत वजन असलेल्या अधिकाऱ्यांकडे नवे सत्ताधारी संशयाने पाहू लागले. डार्सी यांनाही दिजों सोडावे लागले. ज्या शहराला त्यांनी पाणी दिले होते त्याच शहरात राहण्याची त्यांना मुभा उरली नाही. थोड्याच काळात त्यांची नेमणूक पॅरिसच्या पाणीपुरवठा व रस्ते विभागाच्या प्रमुखपदी झाली. या पदावर असताना खडीच्या रस्त्यांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. ब्रुसेल्सच्या पाणीपुरवठ्यासंबंधीही त्यांचा सल्ला घेण्यात आला.

पॅरिसमधील शायो येथे डार्सी यांनी नळांतील प्रवाहावर प्रयोग केले. वेगवेगळ्या व्यासांचे आणि लोखंड, शिसे, काच अशा वेगवेगळ्या पदार्थांचे नळ त्यांनी वापरले. नळाच्या आतील पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर पाण्याला होणारा विरोध अवलंबून असतो, हे त्यांनी मोजमापांनी दाखवून दिले. त्यापूर्वीच्या सूत्रांत ही बाब विचारात घेतली जात नसे. हे संशोधन १८५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. नळांतील घर्षणाचे जे सूत्र आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविले जाते ते डार्सी आणि जर्मन अभियंते यूलिउस वाइसबाख या दोघांच्या नावाने ओळखले जाते. प्रवाहाचा वेग मोजण्याच्या पितो नळीतही डार्सी यांनी महत्त्वाच्या सुधारणा केल्या.

या काळात त्यांची प्रकृती सातत्याने ढासळत होती. अखेर १८५५ मध्ये ते सक्रिय सेवेतून मुक्त झाले आणि संशोधन चालू ठेवण्याच्या अनुमतीसह दिजोंला परतले.

वाळूच्या स्तंभावरील प्रयोग

रोझ्वारचे पाणी इतके स्वच्छ होते की दिजोंला गाळणीची गरज नव्हती. तथापि नदीचे पाणी वापरणाऱ्या इतर शहरांना वाळूच्या गाळण्या बांधाव्या लागत. शहराला रोज अमुक इतके पाणी हवे असेल तर गाळणीचे क्षेत्रफळ किती असावे आणि वाळूचा थर किती जाड असावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हते. त्यामुळे काही ठिकाणी गाळण्या अपुऱ्या पडत, तर काही ठिकाणी विनाकारण खर्च होई. या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी डार्सी यांनी प्रयोग योजले.

दिजोंच्या रुग्णालयाच्या आवारात ०.३५ मीटर व्यासाचा लोखंडी नळ उभा करण्यात आला. त्याची उंची माणसाच्या उंचीपेक्षा बरीच अधिक होती. त्यात सॉन नदीची वाळू भरण्यात आली. वरून दाबाने पाणी सोडले जाई आणि खाली गाळून आलेले पाणी मोजले जाई. स्तंभाच्या वरचा व खालचा दाब पाऱ्याच्या दाबमापकांनी नोंदविला जाई. पाणी रुग्णालयाच्याच नळातून घेतलेले असल्यामुळे तेथील तोट्या उघडल्या किंवा बंद केल्या की दाबमापकातील पारा हलत असे. अशा अडचणीतही शार्ल रिते या अभियंत्याच्या साहाय्याने २९ व ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ रोजी मोजमापे पूर्ण करण्यात आली. पुढे फेब्रुवारी १८५६ मध्ये रिते यांनी खालच्या बाजूचा दाबही बदलून आणखी काही प्रयोग केले. प्रवाह वरच्या किंवा खालच्या एकट्या दाबावर अवलंबून नसून त्यांच्यातील फरकावर अवलंबून असतो, हे त्यांतून निश्चित झाले.

या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष अत्यंत सोपा होता. वाळूतून एका सेकंदात झिरपणारे पाणी हे स्तंभाच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि दोन्ही टोकांमधील जलपातळीचा फरक यांच्या समप्रमाणात असते, तर वाळूच्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रमाणाचा स्थिरांक वाळूच्या प्रकारावर अवलंबून असतो. फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या नियमाशी या नियमाचे साम्य उघड आहे. तापमानाच्या जागी जलपातळी आणि उष्णतेच्या जागी पाणी घातले की एका नियमाचा दुसरा होतो.

वाळूचा प्रत्येक कण वेगळ्या आकाराचा असतो. पाण्याचा प्रत्येक थेंब कणांमधून वाकडीतिकडी वाट काढत जातो. या असंख्य वाटांचा शोध घेण्याचा प्रयत्न डार्सी यांनी केला नाही. संपूर्ण स्तंभ म्हणजे एकच एकसंध पदार्थ आहे असे मानून त्यांनी केवळ एकूण परिणाम मोजला. असे करणे योग्य का ठरते, याचे कारण त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

हा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिजों शहराच्या सार्वजनिक जलव्यवस्थेवरील त्यांच्या ६४७ पृष्ठांच्या ग्रंथात आहे. ग्रंथाचा मुख्य विषय दिजोंची पाणीयोजना हा असल्याने वाळूवरील प्रयोगांना ‘ड’ या परिशिष्टात काही पानांची जागा मिळाली. ज्या संशोधनामुळे डार्सी यांचे नाव जगभर झाले ते अशा प्रकारे एका मोठ्या ग्रंथाच्या शेवटी टिपणाच्या स्वरूपात आलेले आहे.

मृत्यू

उघड्या कालव्यांतील प्रवाहावरही डार्सी यांनी प्रयोग सुरू केले होते, परंतु ते पूर्ण करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये फुप्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ५४ वर्षे होते. पार्थिव दिजोंला आणून तेथे अंत्यसंस्कार करण्यात आले. ज्या चौकाच्या परिसरात रोझ्वारचे पाणी प्रथम येऊन पोहोचले होते त्याला डार्सी यांचे नाव देण्यात आले. पुढे १८८० मध्ये गियोम दरवाजाच्या जलाशयावर उभारलेली बागही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अपुरे राहिलेले कालव्यांचे प्रयोग त्यांचे सहकारी आंरी बाझँ यांनी पूर्ण करून १८६५ मध्ये प्रसिद्ध केले.

नियमाचा विस्तार आणि मर्यादा

फ्रेंच अभियंते झ्यूल द्युपुई यांनी १८६३ मध्ये डार्सी यांच्या नियमाच्या आधारे विहिरीकडे येणाऱ्या भूजलाचे गणित मांडले. १८९२ मध्ये अमेरिकन अभियंते ॲलन हेझन यांनी गाळणीच्या वाळूसाठी एक सूत्र दिले. त्यानुसार कणांचा आकार निम्मा झाला की झिरपण्याचे प्रमाण एकचतुर्थांश होते. पाण्याच्या तापमानाचाही या सूत्रात समावेश होता. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यापेक्षा ३० अंशांचे पाणी त्याच वाळूतून सुमारे १.६ पट अधिक झिरपते, असे त्यावरून निघते. तापमान वाढले की पाण्याची श्यानता कमी होते, हे त्यामागचे कारण होय. यावरून डार्सी यांच्या स्थिरांकात वाळूचा गुणधर्म आणि पाण्याचा गुणधर्म अशा दोन बाबी एकत्र आल्या आहेत हे लक्षात येते. केवळ वाळूशी संबंधित असलेल्या गुणधर्माला आता पारगम्यता म्हणतात. खनिज तेल उद्योगात पारगम्यतेच्या एककाला ‘डार्सी’ असेच नाव आहे.

हा नियम संथ प्रवाहालाच लागू पडतो. प्रवाह वेगवान झाला की विरोध वेगापेक्षा अधिक प्रमाणात वाढतो. त्यासाठी आवश्यक असलेली सुधारणा ऑस्ट्रियन अभियंते फिलिप फोर्शहायमर यांनी १९०१ मध्ये सुचविली.

समांगीकरण : नियमाची गणिती सिद्धता

कणांमधील पोकळीतून वाहणारे पाणी नाव्हिए–स्टोक्स समीकरणांचे पालन करते. प्रवाह संथ असेल तर या समीकरणांचे सोपे रूप, म्हणजे स्टोक्स समीकरणे, पुरेसे होते. मात्र वाळूच्या एका घागरीतही कणांची संख्या अफाट असते आणि प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पाण्याचा वेग शून्य असला पाहिजे ही अट पाळावी लागते. अशी समीकरणे प्रत्येक कणासाठी सोडविणे व्यवहारात अशक्य आहे.

समांगीकरणाची पद्धत या अडचणीतून मार्ग काढते. तिच्यात दोन मोजपट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. एक कणाच्या आकाराची सूक्ष्म मोजपट्टी आणि दुसरी संपूर्ण स्तंभाच्या उंचीची स्थूल मोजपट्टी. फरशीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा यावी त्याप्रमाणे कणांची रचना एका लहान पेशीच्या पुनरावृत्तीने बनली आहे, असे प्रथम गृहीत धरतात. त्यानंतर पेशीचा आकार स्तंभाच्या तुलनेत शून्याकडे जाऊ लागला तर समीकरणांची उकल कशाकडे जाते, हे पाहतात. सीमेवर कणांचा तपशील नाहीसा होतो आणि डार्सी यांचा नियम उरतो. कणांच्या आकाराचा व मांडणीचा सर्व प्रभाव पारगम्यतेत साठविला जातो. ती काढण्यासाठी फक्त एका पेशीवर स्टोक्स समीकरणे सोडवावी लागतात. पारगम्यता कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे हेझन यांच्या सूत्रातील निरीक्षणही येथे आपोआप सिद्ध होते. शिवाय कणांची मांडणी निरनिराळ्या दिशांना निरनिराळी असेल तर पारगम्यताही दिशेनुसार बदलते, हे या गणितातून स्पष्ट होते.

या दिशेने होरिया एने आणि एन्रिके सांचेझ-पालेंसिया यांनी १९७० च्या दशकात महत्त्वाचे काम केले. सांचेझ-पालेंसिया यांच्या १९८० मधील ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात फ्रेंच गणितज्ञ लुक तार्तार यांनी या सीमाप्रक्रियेची काटेकोर सिद्धता दिली. नियम प्रथम मांडला गेला तो एका ग्रंथाच्या परिशिष्टात आणि सिद्ध झाला तोही एका परिशिष्टातच, हा एक विलक्षण योगायोग होय. पुढे ग्रेगोआर आलेर यांनी कण परस्परांना चिकटलेले असतानाही ही सिद्धता लागू पडते हे दाखविले.

निसर्गातील वाळू नक्षीसारखी नियमित नसते. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली असलेल्या बेसॉल्ट खडकात तर पाणी मुख्यतः भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. अशा अनियमित माध्यमांसाठी संभाव्यताशास्त्रावर आधारलेले समांगीकरण वापरावे लागते. उष्णतेच्या वहनासारख्या प्रश्नांसाठी ही पद्धत विकसित करण्यात जॉर्ज पापानिकोलाउ आणि भारतात जन्मलेले गणितज्ञ एस. आर. श्रीनिवास वरदन यांचा मोठा वाटा आहे. वरदन यांना २००७ मध्ये आबेल पारितोषिक मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील केंद्रातही समांगीकरणावर संशोधन झाले आहे.

प्रवाह आणि उष्णता यांचा संयोग

डार्सी यांच्या प्रयोगात पाण्याचे तापमान जवळजवळ स्थिर होते. तापमान ठिकठिकाणी वेगळे असेल तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तापलेले पाणी हलके होऊन वर चढू लागते, म्हणजे उष्णता प्रवाह निर्माण करते. वाहणारे पाणी स्वतःबरोबर उष्णता वाहून नेते, म्हणजे प्रवाह तापमान बदलतो. एकाचे समीकरण दुसऱ्यावाचून सुटत नाही. अशा समीकरणांना युग्मित समीकरणे म्हणतात.

खालून तापविलेल्या सच्छिद्र थरात प्रवाह केव्हा सुरू होतो, हे सी. डब्ल्यू. हॉर्टन व एफ. टी. रॉजर्स यांनी १९४५ मध्ये आणि ई. आर. लॅपवुड यांनी १९४८ मध्ये शोधून काढले. तापमानातील फरक, थराची जाडी, पारगम्यता आणि श्यानता यांतून मिळणारी एक संख्या सुमारे ३९.५ पेक्षा कमी असेल तर पाणी स्थिर राहते आणि उष्णता केवळ वहनाने वर जाते. ती संख्या याहून अधिक झाली की अभिसरण प्रवाह सुरू होतात. या गणितात डार्सी यांचा नियम गृहीत धरलेला होता.

तापमान बदलत असतानाही सूक्ष्म समीकरणांतून तोच नियम मिळतो का, हा पुढचा प्रश्न होता. एने आणि सांचेझ-पालेंसिया यांनी १९८० च्या दशकात समांगीकरणाने त्याचा अभ्यास केला. प्रवाह मध्यम असेल आणि कण व पाणी यांच्या उष्णतावाहकतेत फार मोठी तफावत नसेल, तर स्थूल पातळीवर दोहोंसाठी एकच तापमान पुरेसे होते. डार्सी यांच्या नियमात प्लावक बलाचे पद जोडले जाते आणि उष्णतेच्या समीकरणात माध्यमाची परिणामी वाहकता येते. ही वाहकता कण आणि पाणी यांच्या वाहकतांची साधी सरासरी नसते. पारगम्यतेप्रमाणे तीही पेशीवरील समीकरण सोडवूनच काढावी लागते. प्रवाह वेगवान असेल तर कणांभोवतीच्या वळणांमुळे उष्णता अधिक पसरते आणि वाहकतेत त्याची भर पडते. वाहकतांतील तफावत फार मोठी असेल तर कणांचे व पाण्याचे तापमान वेगवेगळे धरावे लागते. सरासरी घेणे कोठवर योग्य आणि कोठून पुढे चुकीचे, याची सीमारेषा अशा रीतीने गणिताने आखून दिली.

या युग्मित समीकरणांचा वापर भूगर्भातील उष्ण झरे, भूऔष्णिक ऊर्जा, इमारतींतील उष्णतारोधक थर आणि धातूंचे ओतकाम अशा अनेक ठिकाणी होतो. यांपैकी शेवटचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुशीत वितळविलेली शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला गोठते. तिच्यात तांबे मिसळले असेल तर ती एका ठरावीक तापमानाला गोठत नाही. ९२.५ टक्के चांदी असलेला मिश्रधातू साधारणपणे ९०० ते ८०० अंशांच्या दरम्यान हळूहळू घट्ट होत जातो. या अवधीत झाडाच्या फांद्यांप्रमाणे वाढणाऱ्या स्फटिकांचे जाळे तयार होते आणि उरलेला वितळलेला धातू त्यातून झिरपत राहतो. गोठताना धातू आकसतो व ती तूट भरून काढण्यासाठी द्रवरूप धातूला या जाळ्यातून वाट काढावी लागते. उष्णता बाहेर जाते तसे जाळे दाट होते, पारगम्यता घटते आणि प्रवाह मंदावतो. वेळेवर धातू पोहोचला नाही तर लगडीत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि पुढे तार ओढताना ती तुटण्याचा धोका संभवतो. ओतकामाच्या संगणकीय प्रारूपांत स्फटिकांच्या जाळ्यातील या प्रवाहासाठी डार्सी यांचाच नियम वापरला जातो. दिजोंच्या रुग्णालयातील वाळूच्या जागी येथे चांदीचे स्फटिक असतात.

वारसा

डार्सी यांनी स्वतःला प्रामुख्याने लोकोपयोगी कामे करणारा अभियंता मानले. त्यांचे बहुतेक संशोधन एखाद्या प्रत्यक्ष अडचणीतून जन्मले. नळातून पुरेसे पाणी का येत नाही, गाळणी केवढी बांधावी, असे हे साधे प्रश्न होते. उत्तरे शोधताना त्यांनी आपली मोजमापे तपशीलवार नोंदवून प्रसिद्ध केली. त्यामुळे पुढील पिढ्यांना ती तपासता आली आणि त्यांवर नवे सिद्धांत उभारता आले.

विहिरीतून किती उपसा करावा, धरणाच्या पायाखालून किती पाणी झिरपेल, दूषित पाणी जमिनीखालून कोठवर पसरेल, या प्रश्नांची उत्तरे काढताना आजही डार्सी यांचा नियम हाच पाया असतो. भूजलावर शेती आणि पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या महाराष्ट्रासारख्या राज्यात त्याचे महत्त्व विशेष आहे.